देवाचा डोंगर आणि काट्यावरची पावती

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझे बाबा तीस वर्षं वजनकाट्यावर होते. गाडी आधी रिकामी चढायची, मग भरून. दोन्ही आकडे पावतीवर आणि खाली वजाबाकी. मी आज पर्थमध्ये राहून खाणीवरच्या यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक लावते. अधूनमधून पिलबारात, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातल्या लोहखनिजाच्या पट्ट्यात, जावं लागतं. तिथली माती पायमोज्यात अशी मुरते की तीन धुण्यांनंतरही टाचेवर गेरूचा डाग राहतो.

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर सूरजागडच्या डोंगरावरच्या लोहखनिजाच्या खाणीवरून वाद पेटला. खारघरचा मामेभाऊ म्हणाला, गडचिरोलीत कधी नव्हे तो उद्योग आलाय, पोरांच्या हाताला काम मिळतंय, खोडा घालू नका. धाकटी बहीण म्हणाली, माडिया गोंड आदिवासींचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर आहे, दर जानेवारीला तिथे यात्रा भरते, तोच डोंगर खणायचा? मग दोघांनी मला गाठलं. "ताई, तुमच्याकडे हे कसं करतात ते सांग."

सांगते. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने पिलबारातल्या जुकान दरीतल्या दोन गुहा सुरुंग लावून उडवल्या. त्यातल्या एकीत माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा होत्या. आधीच्या उत्खननात तिथे माणसाच्या केसांची चार हजार वर्षांपूर्वीची वेणी सापडली होती, आणि तिचा डीएनए आज हयात असलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांशी जुळला होता. म्हणजे कुणाच्या तरी पणजीच्या पणजीचे ते केस. तरी स्फोट कायदेशीर होता, कारण २०१३ मध्येच परवानगी मिळालेली होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची सोय त्या लोकांना कायद्यात नव्हती. पुढे गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. राज्याचा नवा वारसा कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला. जमीनमालकांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्येच सरकारने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

नोकऱ्यांचं म्हणशील, तर इथल्या खनिज वाहणाऱ्या कित्येक आगगाड्यांत आता चालक नसतो. दोन किलोमीटरहून लांब गाडी, आणि तिच्यावर नजर ठेवणारा माणूस दीड हजार किलोमीटरवर पर्थमध्ये.

पण बहिणीचं "खाण नकोच" मलाही म्हणवत नाही. आमची फी, आमचं घर सगळं लोखंडावर झालं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला तेव्हा आमच्या घरातून कुणी ब्र काढला नव्हता, हे मला आता टोचतं. भंगार वितळवून सळई होते आणि तीच अधिक व्हायला हवी, पण जो देश अजून उभा राहतोय त्याचं पुरेसं लोखंड अजून भंगारात निघालेलंच नाही. खनिज लागणार.

म्हणूनच मला वाईट वाटतं की आपण नमुना शोधायला पर्थकडे बघतो. नियमगिरीचा डोंगर आपल्याच देशात, ओडिशात आहे. तिथे प्रश्न बॉक्साइटचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला, बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या, आणि डोंगर वाचला. पिलबारातल्या त्या लोकांच्या हाती असं काही नव्हतं. गोव्यातही न्यायालयाने २०१४ मध्ये लोहखनिजाच्या उत्पादनावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला दहा टक्के वाटा कायमच्या निधीत टाकायला लावला. डोंगर एकदाच विकता येतो, तेव्हा त्याचे पैसे पगारासारखे उडवायचे नाहीत, मुद्दल म्हणून राखायचे. इतका साधा विचार आहे हा.

सूरजागडला २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत खणायची परवानगी मिळाली. बाबांना फोनवर सांगितलं तसा त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. तीस टनी ट्रेलर धरला तर रोजचे नऊशेहून जास्त. मग विचारलं, "त्या गावातल्या लोकांना हा आकडा कुणी सांगितला का गं, त्यांच्या भाषेत?"

मामेभावाला मी तोच प्रश्न पाठवला. सूरजागड ज्या तालुक्यात येतं त्या एटापल्लीतल्या ग्रामसभांपुढे हा आकडा माडियात मांडा, ठाकूरदेवाचा डोंगर कुठवर खणणार ते नकाशावर दाखवा, पैसा किती आणि कुणासाठी राखणार ते सांगा. त्यावर ते हो म्हणाले, तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. नाही म्हणाले, तर तू माझ्या बाजूला ये.