टेन्शन आणि प्लेटलेट्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

वडिलांच्या हॉस्पिटलच्या धावपळीत माझा प्लेटलेट्सचा काउंट 60 हजारांवरून 22 हजारांवर आला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत: आयटीपीत, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं त्या माझ्या आजारात, ताणाचा विषय काढणं म्हणजे आजाराचा दोष पेशंटच्याच माथी मारणं, आणि उद्या कुणी गोळ्या सोडून नुसता प्राणायाम करत बसेल. ही दुसरी भीती मलाही आहे. स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. प्राणायाम गोळीच्या जोडीला करावा, तिच्या जागी नाही.

आजाराचं मूळ मनात नाही, हेही खरं. आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीज प्लेटलेट्सना चिकटतात आणि प्लीहेत (स्प्लीनमध्ये) त्यांचा फडशा पडतो. 1950 मध्ये अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या डॉक्टरांनी आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःला चढवून घेतलं, तर काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या. दोष रक्तात आहे, स्वभावात नाही, याला याहून सणसणीत पुरावा कुठला हवा? उलट अचानक धक्का बसला तर ॲड्रिनलिनमुळे प्लीहेतला साठा रक्तात उतरतो आणि काउंट थोडा वेळ वाढलेलाच दिसतो. सकाळी भांडण झालं आणि संध्याकाळी प्लेटलेट्स पडल्या, हे गणित जुळत नाही.

पण आठवडेच्या आठवडे चालणारा ताण वेगळा. कोथरूडहून हडपसरला रोज डबा पोचवणाऱ्या बाईचं स्वतःचं जेवण कधी होतं? प्लेटलेट्स वाढवणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध, दही, कॅल्शियमच्या निदान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यायची असते, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. रात्र हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढायची, सकाळी कँटीनच्या चहाबरोबर गोळी घशाखाली ढकलायची, वॉर्डातला सर्दी-ताप घरी आणायचा. विषाणूच्या संसर्गाने काउंट घसरू शकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोकं दुखलं की पर्समधली आयबुप्रोफेन आहेच. ती उरल्यासुरल्या प्लेटलेट्सचं कामच बिघडवते. ताण शरीरात शिरतो तो असा. 2018 मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ताणाशी निगडित मनोविकार आणि नंतर होणारे ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते असे) आजार यांचा संबंध दिसला आहे. तो संबंध आहे, कारण नव्हे, आणि तो अभ्यास काही प्लेटलेट्सपुरता नव्हता.

दोषाचं म्हणाल, तर ते मी रोज ऐकते. मोज्याच्या इलॅस्टिकखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठलेले असतात आणि मावशी म्हणतात, "अगं, तू फार विचार करतेस." प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. करणी औषधाची, नाव मात्र पेशंटच्या स्वभावाचं. वर पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट्स हा शब्द घरोघरी पोचवलाय, त्यामुळे पपईच्या पानांचा रसही लगेच पुढे येतो. पेशंटला असं बोलणं मलाही सहन होत नाही.

तरीही ताणाचा उल्लेख मी लेखातून वगळणार नाही. घरात आजारपण, मृत्यू, कोर्टकचेरी सुरू झाली की ते आपल्या हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) सांगायचं, गोळीची वेळ कशी सांभाळायची आणि सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) लवकर करायची का, हे विचारायचं. एवढ्यासाठीच तो लेख होता.

तुम्ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहात असं लिहिलंय, म्हणून एक विनंती. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये कधीकधी प्लेटलेट्सचे पुंजके होऊन मशीन काउंट खोटाच कमी दाखवतं. अशा वेळी स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) कधी मागायचा, सायट्रेट या वेगळ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये रक्त पुन्हा कधी द्यायचं, हे पेशंटला समजेल असं तुम्ही लिहाल का? मी ते इथे तुमच्या नावानिशी लावेन.