करंजाचं तेल आणि माझी भाजलेली मान

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच्या मानेवर एक प्रयोग केला आणि तो सपशेल फसला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींनी कृती पाठवली होती: रासबेरीच्या बियांचं तेल, गाजराच्या बियांचं तेल, जोडीला खोबरेल. खाली ठळक अक्षरांत ‘एसपीएफ ५०, केमिकल शून्य’. एसपीएफ म्हणजे ऊन अडवण्याचं माप. मी राहतो ऑस्ट्रेलियात. इथं अतिनील निर्देशांक (उन्हातले अतिनील किरण किती तीव्र ते सांगणारा आकडा) ३ झाला की अंग झाका म्हणून सांगतात आणि उन्हाळ्यात तो सहज ११-१२च्या पुढं जातो. अशा उन्हात तेल चोपडून दोन तास समुद्रावर काढले. संध्याकाळी मान लालबुंद झाली होती. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी मात्र जशीच्या तशी, म्हणजे खरं संरक्षण दिलं ते पट्ट्यानं.

रासबेरीच्या तेलाची ही दंतकथा निघाली कुठून, ते मग शोधलं. २००० साली छापलेल्या एका शोधनिबंधात हे तेल अतिनील किरण किती शोषतं ते उपकरणावर मोजलं होतं आणि सनस्क्रीनमध्ये घालतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडशी त्याची तुलना केली होती. माणसाच्या त्वचेवर चाचणी झालीच नव्हती. एसपीएफ ठरतो तो माणसाच्या पाठीवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा मापून थर देऊन, कातडी किती उशिरा लाल होते ते पाहून. (आपण घरी लावतो ते बहुधा याच्या निम्मंही नसतं, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

ग्रुपवर यावरून जुंपली. एक बाजू म्हणाली, करंजासारख्या आपल्या वनस्पतींना नावं ठेवणं ही परदेशात गेल्यावर जडलेली खोड. दुसरी म्हणाली, वनस्पती म्हणजे सगळा भंपकपणा. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण आहे लिग्निन.

लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य. कागद गिरणीत लगदा शिजवताना ते काळ्या द्रावात उतरतं आणि बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळलं जातं. त्याच्या रेणूंतली वलयं अतिनील किरण शोषतात. क्रीममध्ये इतर फिल्टरांबरोबर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या द्रव्यांबरोबर, ते घातलं तर संरक्षण वाढतं, हे प्रयोगशाळांत दिसलंय. म्हणजे फिल्टर थोडे कमी घालून चालू शकेल, तेही टाकाऊ मालातून. अडचण एकच, पण मोठी: त्याचा रंग. लिग्निन घातलेलं क्रीम तपकिरी दिसतं. गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी बनवणाऱ्यांना ते चिखलासारखं वाटतं, म्हणून रंग फिका करण्यावर बरीच खटपट चालू आहे. माझ्या सावळ्या कातडीवर झिंक ऑक्साइड, म्हणजे सनस्क्रीनमधली पांढरी पूड, लावलं की मी पिठात लोळल्यासारखा दिसतो. तपकिरीची अडचण नक्की कोणाला आहे, हे कोणीतरी आम्हालाही विचारावं.

स्क्वालेनचंही तसंच. क्रीम मऊ लागावं म्हणून हे घालतात, ऊन ते अडवत नाही. पूर्वी त्यासाठी खोल समुद्रातल्या शार्क माशांची यकृतं लागायची. आता ते ऑलिव्हपासून निघतं, उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवूनही बनतं. वनस्पतीचा खरा फायदा दिसतो तो हा. उलट पामतेलही वनस्पतीचंच आणि त्यासाठी जंगलं तुटतात. बाटलीवर पान छापलं म्हणजे शाश्वत, असं होत नाही.

पण इथल्या लोकांनी फार शहाणपणा मिरवू नये. ‘रीफ सेफ’, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांना अपाय न करणारं, हा शब्द बाटल्याबाटल्यांवर दिसतो, त्याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्याच नाही. हवाईनं १ जानेवारी २०२१पासून प्रवाळांच्या काळजीपोटी ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट हे फिल्टर असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. पलाऊ या बेटांच्या देशानं एक वर्ष आधीच आणखी मोठी यादी बंद केली. खबरदारी म्हणून ठीक आहे. पण प्रवाळ मरतायत ते मुख्यतः तापलेल्या पाण्यानं, आणि ते क्रीम बदलून थंड होत नाही. ऑस्ट्रेलियात सनस्क्रीनवर औषधांसारखी देखरेख असते, ऊन अडवणारा घटक मान्य यादीतलाच लागतो. तरी २०२५मध्ये ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेनं २० सनस्क्रीन तपासली, तेव्हा त्यांतली १६ बाटलीवर छापलेल्या एसपीएफला उतरली नाहीत. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. तरीही मला हवंय ते दोन्हीकडे एकच: पानाचं चित्र नको, माणसाच्या पाठीवर मोजलेला आकडा दाखवा.

करंजाचं म्हणाल तर त्याच्या बियांत पोंगामोल नावाचं द्रव्य असतं आणि ते यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण शोषतं. हे झाड आपल्याइतकंच उत्तर ऑस्ट्रेलियाचंही मूळचं. म्हणजे ‘आमचं’ म्हणून भांडायचं, तर इथलेही भांडू शकतात. पोंगामोल वेगळं काढून, मापून क्रीममध्ये घालणं आणि करंजेल अंगाला चोळणं, यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस कोणी बोललं नाही. मग वहिनींचा मेसेज आला: “भाऊजी, अर्धी बाटली उरलीय. काय करू?”

“केसांना लावा,” म्हटलं.