रक्तातच आहे म्हणे!

काल कट्ट्यावर पक्याने मोबाईलवर रिपोर्ट दाखवला, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.८, म्हणजे शुगर, डायबिटीसच, आणि हा माणूस जेमतेम छप्पन्न किलो, शर्ट हँगरला लटकवल्यासारखा दिसतो. "काय करणार, रक्तातच आहे, आजोबांना होती, बाबांना होती" म्हणून त्याने विषय संपवला, पण नित्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे ना, तो उसळला, "रक्तात काय असतं ते मी रोज बघतो, तू नको शिकवूस."

पक्याचं म्हणणं, वंश वेगळा तर शरीर वेगळं, अमेरिकेत कृष्णवर्णीयांची बाळं कमी वजनाची जन्मतात तेही जीन्समुळेच. यावर नित्याने अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा अभ्यास काढला, डेव्हिड आणि कॉलिन्स या डॉक्टरांचा, १९९७ चा. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायकांची बाळं सरासरी ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मून तिकडे गेलेल्या कृष्णवर्णीय बायकांची ३३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांची ३०८९. "जीन्सचाच खेळ असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यात हलकी नको होती का?" पक्या गप्प. मला तर २००२ चा पुढचा अभ्यास जास्त लागला, युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या नाती त्यांच्या मुलींपेक्षा जास्त वजनाच्या जन्मल्या, आणि आफ्रिका-कॅरिबियनमधून आलेल्यांच्या नाती उलट हलक्या. एका पिढीत जीन्स थोडेच बदलतात!

"मग एपिजेनेटिक्स, संपलं की" असं वैदेही म्हणाली. म्हणजे डीएनए तोच पण त्यावर मिथाइल नावाची छोटीशी रासायनिक खूण चिकटते आणि जीन दबून जातो, आईच्या स्वयंपाकाच्या वहीतलं एखादं पान स्टेपल केल्यासारखं, कृती आहे पण उघडत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, लोक ट्यूलिपचे कंद खात होते, त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जीनवर साठ वर्षांनीसुद्धा मिथाइल कमी सापडलं, तेही सख्ख्या भावंडांशी ताडून बघितल्यावर. भारीच आहे, मान्य.

पण मी म्हटलं थांबा, इलिनॉयवाल्यांनी मिथाइल मोजलंच नव्हतं, फक्त वजनं बघितली. कुठल्या वस्तीत राहता, दवाखान्यात कोण कसं बोलतं, रोज किती अपमान गिळता, हे थेट त्या बाईच्या शरीरावर येतं, त्याला आजीच्या खुणा कशाला लागतात? आणि स्त्रीबीज-शुक्राणू तयार होताना बहुतेक खुणा पुसल्या जातात, माणसात त्या नातवंडांपर्यंत पोचतात हे अजून सिद्ध नाही. "रक्तातच आहे" च्या जागी "मिथाइलमध्येच आहे" म्हणायचं, म्हणजे परत कुणीच काही करायला नको. वैदेहीलाही पटलं, उलट ती जास्तच चिडली, "आणि बिल शेवटी आईच्या नावावर, तिने काय खाल्लं, तिने टेन्शन का घेतलं!"

नित्या पक्याकडे वळला. आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून हेच बघितलंय, बाळं साधारण २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ ची, पण आपली बाळं स्नायूत कमी आणि चरबी मात्र राखून, पुढच्या शुगरचं मूळ ते तिथेच शोधतात. बऱ्याच आयांना बी-१२ जीवनसत्त्व कमी, शाकाहारात ते कमीच मिळतं, आणि मिथाइल बनायला तेच लागतं.

"म्हणजे तू बारीक नाहीस पक्या, तुझे स्नायू बारीक आहेत. काकू पहिल्यापासून शाकाहारी ना रे?"

वैदेहीने ग्लास आपटला. "परत आई!"