हॅम्लेट, ट्रेडमिल आणि सी रांग

हॅम्लेटला जायचं म्हणून मी आठवडाभर अभ्यास केला होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील याला नाटकातलं काय कळतंय. पाच अंक, काहीही न कापता केलं तर चार तासांचा ऐवज, शेवटच्या प्रवेशात चार मुडदे, सगळं पाठ. बायको म्हणाली, "परीक्षा आहे का?" होतीच, फक्त पेपर भलत्याच विषयाचा आला.

आत शिरलो तर स्टेजच्या कडेला काळ्या टीशर्टातला एक पोरगा पाय सोडून बसलेला. पडदा वगैरे भानगडच नाही. मला वाटलं लाइटवाला असेल, म्हणून विचारलं, "दादा, सी रांग कुठली हो?" तो माझ्या आरपार बघत राहिला. परत विचारलं, जरा मोठ्याने. पापणी हलेल तर शपथ. काय उर्मट पोरं आहेत असं पुटपुटत कशीबशी सीट शोधली, बरोब्बर मधली, आणि अंधार झाल्यावर तो लाइटवाला उठून डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट झाला.

बापाचं भूत कधी येतंय म्हणून मी सरसावून बसलो, तर भुताऐवजी व्हॉइस नोट आली, आणि राजपुत्राने ती दीडपट स्पीडने ऐकली. 'टू बी ऑर नॉट टू बी' खरं तिसऱ्या अंकातलं, इथे पहिल्या पाच मिनिटांत, तेही ट्रेडमिलवर धावत. त्याला जगण्यामरण्याचा प्रश्न पडलेला आणि माझं लक्ष त्या मीटरवर, भाषण संपेपर्यंत ४८ कॅलरी. राजाचा मंत्री पोलोनियस मुळात पडद्याआड लपतो आणि तिथेच भोसकला जातो, पण पडदाच रद्द केल्यामुळे बिचारा डोक्यावर पुठ्ठ्याचा खोका घालून भर मध्यात उभा. खोक्यावर 'ही बाजू वर' छापलेलं आणि बाण खाली. मी फिस्सकन हसलो, पुढच्या बाईंनी मागे वळून नुसतं बघितलं, बस्स.

बरं, मध्यंतर नाही. सलग सव्वादोन तास. आगरकरांनी १८८२ साली तुरुंगात बसून हेच नाटक मराठीत आणलं म्हणतात, 'विकारविलसित' नावाने, आणि १०१ दिवसांनी सुटले. पण त्यांना निदान शिक्षा किती आहे ते ठाऊक होतं.

शेवटी एकदाचे मुडदे पडायला लागले. मी बोटांवर मोजले, राणी, लेअर्टीस, राजा, आणि राजपुत्र आडवा होताच कडाडून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. सगळे मेल्यावर गादी घ्यायला येणारा फॉर्टिनब्रास अजून बाकी होता, हे साफ विसरलो. तो नेमका माझ्याच मागच्या रांगेत बसलेला निघाला. उठला, माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि माझ्या टाळ्या संपेपर्यंत शांत उभा राहिला.

बाहेर लॉबीत तोंड लपवून निघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. घामाघूम राजपुत्र, हातात पाण्याची बाटली.

"काका, सापडली का सी रांग?"