काळ्या पाटीची गाडी

आमची मारुती ८०० मी २०१० च्या फेब्रुवारीत घेतली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्या यादीत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई यांच्या पंगतीला आमचे सोलापूरही होते. महानगरांच्या पंगतीत आपल्या गावाचे पान मांडले गेले याचा आम्हाला झालेला आनंद फार टिकला नाही, कारण पानात पहिला पदार्थ पडला तो असा, की नवी ८०० सोलापुरात मिळणेच बंद झाले. मला मात्र सुटत्या गाडीत चढायला मिळाल्याचे समाधान होते आणि ते मी पुढे पंधरा वर्षे भोगले. ती गाडी केवळ माझी नव्हती. विजापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत ती कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या बस्त्याला, कोणाच्या मुलाच्या परीक्षेला अशी सर्वत्र जात असे, आणि परत येताना टाकीत थोडे कमी पेट्रोल व सीटवर शेंगाचटणीची पुडी घेऊन येत असे. झुरिकमध्ये १९४८ साली काही लोकांनी सहकारी संस्था काढून सामाईक मोटारी वापरायला सुरुवात केली होती, असे मी पुढे वाचले. साखर कारखान्यांच्या आमच्या जिल्ह्याला ही कल्पना का सुचली नाही याचे मला नवल वाटले; पण चटणीच्या पुडीवर भागत असताना संचालक मंडळ आणि त्याची निवडणूक कोणाला हवी होती?

२०२५ च्या फेब्रुवारीत नोंदणीची पंधरा वर्षे संपली. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते २०२२ पासून ५००० झाले होते. त्याशिवाय फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी. आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि मला न पाहू देताच ते पुन्हा बंद केले.

याच सुमारास पुण्याहून सूनबाईंचा फोन आला. सूनबाई एका संगणक कंपनीत माहितीच्या सुरक्षेचे काम पाहतात. त्यांनी हिशेब मांडला. ‘बाबा, तुमची गाडी दिवसाकाठी चाळीस मिनिटे चालते. उरलेले तेवीस तास वीस मिनिटे तुम्ही एका उभ्या वस्तूचा विमा भरता, तिला धुता आणि तिच्यावर कबुतरे बसू नयेत म्हणून चादर घालता.’ चादर सोलापुरी होती, हे मी सांगितले नाही. त्यांच्या कंपनीमार्फत गाडी महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर मिळत होती. दरमहा ठरलेली एकच रक्कम, त्यात विमा आला, देखभाल आली, टायर आले. दोन वर्षांनी नको असेल तर गाडी परत. बँकेत चौतीस वर्षे वाहनकर्जे मंजूर करून निवृत्त झालेल्या माणसाला डाउन पेमेंट नसलेली गाडी साक्षीदारांशिवाय झालेल्या लग्नासारखी वाटते. शिवाय वर्गणीतून गणपती बसतो, दारात मोटार उभी राहत नाही, अशी माझी समजूत होती. पण सूनबाईंपुढे माझे फारसे चालत नाही.

गाडी आली ती पांढरीशुभ्र, देखणी, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवीत. खासगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी आणि चालकाविना भाड्याने दिलेल्या गाडीची काळी, हा भेद परिवहन खात्याला ठाऊक असतो. आमच्या कॉलनीला रंगीत पाटी म्हणजे टुरिस्ट, एवढेच माहीत. त्यात क्रमांक एमएच १३ नव्हे, तर एमएच १२. पहिल्याच सकाळी शेजारचा मुलगा दात घासता घासता म्हणाला, ‘काय काका, टुरिस्टचा धंदा टाकला का काय?’ एसटी स्टँडसमोर क्षणभर थांबलो, तर एका कुटुंबाने काचेवर टकटक करून तुळजापूरचे भाडे विचारले. मी नाही म्हटल्यावर त्यातले आजोबा ‘पुण्याच्या गाड्यांना माज आलाय’ असे म्हणत निघून गेले. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी ३००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी मोबाइल घेऊन बसलो. तो पास फक्त खासगी गाड्यांना होता. पुण्याच्या वाटेवर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस अशा चारही नाक्यांवर आमची गाडी धंदेवाईक ठरत होती, आणि धंदा मात्र एका पैचा नव्हता.

गाडीला किल्ली नव्हती. म्हणजे होती, पण ती आत साखळीने बांधलेली. दार उघडायचे ते मोबाइलमधल्या ॲपने. हे ॲप माझ्या चालवण्याला रोज शंभरपैकी गुणही देई. गाडी किती आणि कशी चालवली जाते हे पाहून हप्ता ठरवण्याची मुभा विमा नियामकाने २०२२ मध्ये कंपन्यांना दिली आहे, तेव्हा हे गुण आज ना उद्या पैशांत मोजले जातील, अशी तंबी सूनबाईंनी दिली होती. अचानक ब्रेक मारला की गुण कापले जात. सात रस्त्याला सातही बाजूंनी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला हक्क आपलाच वाटतो. तिथे जो अचानक ब्रेक मारणार नाही त्याचे गुण तेवढे वाचतील, हे त्या यंत्राला कोण सांगणार? पहिल्या आठवड्यात मला ४१ गुण पडले. बँकेतल्या बढतीच्या परीक्षेनंतर इतके कमी गुण मी घरी दाखवले नव्हते. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीतली सीट ऊबदार करण्याच्या सोयीसाठी वर्गणी लावली होती आणि लोक चिडल्यावर पुढच्या वर्षी तो नाद सोडला, ही बातमी मला कोणीतरी हसत हसत सांगितली. सोलापुरात मार्चपासून सीट फुकट तापते. ती थंड करून देणारा कोणी भेटला असता, तर मी सहा महिन्यांची वर्गणी आगाऊ भरली असती.

हे सगळे सोसण्यासारखे होते. खरी गोची किलोमीटरची होती. करारात महिन्याला हजार किलोमीटर दिलेले होते आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला जादा आकार. ज्याने हा आकडा ठरवला त्याचे सोलापुरात घर नसणार. सोलापुरात घर असणे म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या देवदर्शनाच्या वाटेवर धर्मशाळा चालवणे होय. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशी, तुळजापूर नव्वद, पंढरपूर दीडशेच्या घरात. पाहुणा उंबऱ्यात दिसला की त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याआधी त्याचे दैवत किती लांब आहे, हा विचार माझ्या मनात येऊ लागला. पूर्वी मी इतका हलका माणूस नव्हतो.

अशा महिन्याच्या २४ तारखेला, खात्यावर १४० किलोमीटर शिल्लक असताना, सौ.च्या डोंबिवलीच्या मावशी आल्या. उद्या फक्त अक्कलकोट, असे मी आदल्या रात्री सूनबाईंना कळवले. मावशी अचानक आल्या असल्यामुळे त्यांचा उल्लेख राहिला. अक्कलकोटला दर्शन झाले, अन्नछत्रात प्रसाद झाला आणि मावशी म्हणाल्या, ‘जावईबापू, इथवर आलोच आहोत, तर गाणगापूर असे कितीसे लांब आहे?’ ‘इथवर आलोच आहोत’ या शब्दांपुढे आजवर कोणाचाही हिशेब टिकलेला नाही. मी सौ.च्या कानाशी ‘सव्वाशे तरी जादा होतील’ असे पुटपुटलो. मावशींचे कान तिखट आहेत, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

वाटेत कर्नाटकाची हद्द लागली. गाडी राज्याबाहेर गेल्याचा इशारा ॲपने इमानेइतबारे पुण्याला पाठवला, हे मला नंतर कळले. गाणगापूरला भीमा आणि अमरजेच्या संगमावर मावशींनी अंगावरच्या साडीनिशी तीन डुबक्या मारल्या आणि कुडकुडत गाडीपाशी आल्या. कोरडे पातळ गाडीत होते. मी मोबाइल काढला. ॲपने तेवढ्यात स्वतःला अद्ययावत करून घेतले होते आणि झोपेतून उठल्यासारखे ते मला विचारत होते, की आपण कोण? ओळख पटवण्यासाठी ओटीपी धाडला होता, तो करार ज्यांच्या नावावर होता त्या सूनबाईंना.

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा फलक मी आमच्या शाखेत स्वतःच्या हाताने चिकटवला होता. आता संगमावर उभा राहून मी तोच मागत होतो.

‘बाबा, राग मानू नका,’ सूनबाई म्हणाल्या, ‘पण तुम्ही अक्कलकोटला असायला हवे आणि गाडी कर्नाटकात दिसते आहे. नंबर तुमचा आहे, आवाजही तुमचा आहे. पण मोबाइल चोरता येतो आणि हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. व्हिडिओ कॉल करा.’ तेवढे नेटवर्क तिथे नव्हते. ‘मग जे फक्त घरच्यांनाच ठाऊक आहे, असे काहीतरी मी विचारते. आमच्या लग्नात डोंबिवलीच्या मावशीआजींनी दिलेला डिनर सेट आपण नंतर कोणाला दिला?’

मावशी माझ्यापासून दोन हातांवर निथळत उभ्या होत्या. मी तोंडावर हात धरून उत्तर दिले.

‘बाबा, आवाज तुटतोय. मोठ्याने सांगा.’

सौ. संगमाकडे पाहू लागली. ‘मावशींच्याच पुतण्याच्या लग्नात आहेर केला!’ मी ओरडलो. सूनबाईंनी समाधानाने सहा आकडे सांगितले आणि दार उघडले.

‘तरीच,’ मावशी पातळ उचलत म्हणाल्या. ‘त्याच्याकडे जेवायला बसले, की ती निळी फुले मला ओळखीची वाटायची.’

परतीच्या शंभर किलोमीटरांत कोणी काही बोलले नाही. मी एकदाही जोरात ब्रेक मारला नाही, हॉर्न वाजवला नाही, वेग वाढवला नाही. त्या दिवशी मला ९७ गुण मिळाले.

मावशींची रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस होती. स्टेशनसमोर मी त्यांची बॅग उतरवली. त्यांनी वाकून ती काळी पाटी एकदा नीट वाचली, पर्स उघडली आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, ‘जावईबापू, किती झाले? ते सव्वाशे किलोमीटर धरून सांगा हं.’

मी नको नको म्हणत त्यांचा हात मागे सारत असताना, एक गृहस्थ दोन पिशव्या आणि एक झोपलेले मूल घेऊन जवळ आले. ‘आजी, तुमचे मिटले असेल तर आम्ही बसू का?’ त्यांनी विचारले. ‘आम्हाला अक्कलकोटला जायचे आहे.’