पोस्ट काढली म्हणून कुणी प्रकाशक होत नाही

‘प्लॅटफॉर्म पोस्ट काढतात, खाती बंद करतात, म्हणजे संपादनच करतात. मग त्यांना प्रकाशक ठरवा आणि वर्तमानपत्रासारखं कोर्टात खेचा. अफवा आपोआप थांबतील.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय.

संपादनाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो कोर्टात तपासून झालाय. 1991 साली अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा देणारी कंपनी दुसऱ्याच्या मजकुरावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यातून सुटली, कारण ती मजकूर तपासतच नव्हती. 1995 साली तशीच दुसरी कंपनी, प्रॉडिजी, अडकली. तिने सभासदांना नियम घालून दिले होते, शिव्या गाळणारं सॉफ्टवेअर लावलं होतं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने नेमकं त्यावरच बोट ठेवून तिला प्रकाशक ठरवलं. झाडू मारणारा दोषी, कचरा साचू देणारा मोकळा! (खटला भरला होता स्ट्रॅटन ओकमाँट या शेअर दलाल पेढीने, कुणीतरी तिला लबाड म्हटलं म्हणून. पुढे तिच्या प्रमुखांनी फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, ते वेगळंच.) हा उफराटा न्याय मोडायला 1996 मध्ये अमेरिकेच्या कायद्यात कलम 230 आलं: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक कंपनीला धरायचं नाही, तिने काही मजकूर काढला तरी नाही. भारताच्या 2021 च्या आयटी नियमांतही लिहिलंय की, नियमबाह्य मजकूर स्वतःहून काढल्याने आयटी कायद्याच्या कलम 79 चं संरक्षण, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याची सवलत, जात नाही.

वर्तमानपत्राशी तुलना तर फार लांब जातच नाही. तिथे छापण्याआधी मजकूर कुणीतरी वाचतं. यूट्यूबवर मिनिटाला 500 तासांहून जास्त व्हिडिओ चढतात.

आणि अफवा थांबतील? आधी तक्रारी थांबतील. बिल्डरने फसवलं अशी पोस्ट एखाद्याने टाकली आणि बिल्डरच्या वकिलाची नोटीस आली, तर खरंखोटं करत बसायला कंपनीला काय पडलंय? ती पोस्ट उडवून मोकळी होईल. म्हणूनच श्रेया सिंघल खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना यांच्यापुरती ठेवली.

कंपन्यांना धरायचंच तर जागा दुसरी आहे. कुणीतरी लिहिलेलं नुसतं पडून राहणं निराळं आणि कुणी मागितलं नसताना कंपनीच्या अल्गोरिदमने ते पुढ्यात आणून ठेवणं निराळं. टिकटॉकने दहा वर्षांच्या मुलीला ‘फॉर यू’ पानावर ‘ब्लॅकआउट चॅलेंज’चा (शुद्ध हरपेपर्यंत स्वतःचा गळा आवळायचा) व्हिडिओ दाखवला, ते करून बघताना ती गेली. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने म्हटलं, ही शिफारस टिकटॉकचं स्वतःचं बोलणं आहे, तिला 230 ची ढाल मिळणार नाही. पैसे घेऊन दाखवलेल्या जाहिरातींनाही मी हाच निकष लावेन. त्यासाठी कुणाच्याही कमेंटचा प्रकाशक कंपनीला ठरवावं लागत नाही.