कॅमेरा घ्यायचाय? थांबा, आधी एक्सेल उघडा

तर तुम्हाला पहिला मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा, घ्यायचाय. मस्तच. फक्त एक करू नका, दुकानात जाऊन घेऊ नका. म्हणजे घ्यायचाय शेवटी, पण गेलो, बघितला, पैसे दिले, पिशवीत टाकला, असं भाजी आणल्यासारखं करायचं नसतं हो, आपण शिकलीसवरलेली माणसं, आपण आधी तुलना करतो. माझा अनुभव दांडगा आहे म्हणून सांगतो. २०२३ च्या मार्चमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि ती म्हणाली दादा, बारशाला फोटो तू काढ, चांगला कॅमेरा घे एक. त्या दिवशी रात्री जेवून मी लॅपटॉप उघडला तो आजतागायत बंद केलेला नाहीये.

आधी कुठले दोन कॅमेरे भिडवायचे ते ठरवा. यात पहिला नियम असा की त्यांच्यात जमेल तितका कमी फरक पाहिजे, कारण फरक डोळ्यांना दिसला तर दोन दिवसांत निर्णय होऊन जाईल आणि मग पुढचे महिने काय करणार? मी घेतले कॅनन आर५० आणि सोनी झेडव्ही-ई१०. पहिला फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला, म्हणजे माझ्या भाच्याच्या बरोबरीचा, दुसरा जुलै २०२१ चा. किंमत म्हणाल तर तेव्हा दोन्ही किट लेन्ससकट (म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच येणारी साधी लेन्स) साठ ते ऐंशी हजारांच्या घरात, कुठली ऑफर चालू असेल त्यावर. आणि मेगापिक्सेल? इकडे २४.२, तिकडे २४.२. पत्रिका जुळावी तसा दशांशासकट आकडा जुळलाय. साधा माणूस इथे म्हणेल झालं की मग, कुठलाही घे. अशा साध्या माणसांपासून लांब राहा, त्यांच्याकडे फोटो असतात पण एक्सेल नसतं.

आता वजन. बॅटरी आणि कार्ड घालून कॅनन ३७५ ग्रॅम आणि सोनी ३४३. म्हणजे ३२ ग्रॅमचा फरक, साधारण एक बेसनाचा लाडू. या लाडवावर मी तीन आठवडे काढले. हरिश्चंद्रगडाला जायचं झालं आणि नळीच्या वाटेने चढायचं ठरलं तर खांद्यावर एक लाडू जास्त घेऊन मी कोकणकड्यापर्यंत पोचेन का, हा प्रश्न मला रात्री झोपू देईना. (मी आजवर एकदाच गेलोय हरिश्चंद्रगडाला, खिरेश्वरकडून, तोलारखिंडीतून, आणि तेव्हा माझ्या सॅकमध्ये दोन किलोचा पुलाव होता. तो विषय वेगळा.)

सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप. दोन्ही एपीएस-सी, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान मापाचे, म्हणवतात पण सोनीचा २३.५ मिलिमीटर रुंद आणि कॅननचा २२.३. म्हणजे फरक मोहरीच्या एका दाण्याएवढा. हा दाणा अजिबात सोडू नका. याच्यामुळे लेन्सचा मिलिमीटरचा आकडा त्या फिल्मच्या हिशोबात आणायला सोनीला दीडने गुणायचं आणि कॅननला १.६ ने, आणि मग किट लेन्स सोनीची १६ पासून सुरू होते म्हणून ती २४ सारखी दिसते, कॅननची १८ पासून म्हणून ती जवळजवळ २९ सारखी. आकडा जितका लहान तितकं चौकटीत जास्त मावतं. आता इथे खरंच काहीतरी अर्थ आहे हं, म्हणजे डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये पाळणा, आत्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या करणाऱ्या चार बायका आणि मागची फुलांची तोरणं एका चौकटीत बसवायची तर २४ आणि २९ मध्ये एका आख्ख्या आत्याचा फरक पडतो. पण असा उपयोगाचा मुद्दा सापडला की त्याला एक्सेलमध्ये बाकीच्या चाळीस ओळींएवढंच महत्त्व द्यायचं, त्याला डोक्यावर चढवायचं नाही, नाहीतर निर्णय होतो.

मग सॅम्पल फोटो बघायचे. कुणीतरी सातासमुद्रापार रंगीत दोऱ्यांची रिळं, पत्ते, नोटा असलं काहीबाही भिंतीवर मांडून दोन्ही कॅमेऱ्यांनी आयएसओ ६४०० ला (म्हणजे अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता बरीच वाढवून) फोटो काढून ठेवलेले असतात. ते ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर २०० टक्के झूम करून डावा खालचा कोपरा बघायचा. मला त्या कोपऱ्यातला हिरवा दोरा आता इतका पाठ झालाय की परवा आईने शिवणाच्या डब्यातून हिरवं रीळ मागितलं तर मी विचारलं कुठला, कॅननमधला की सोनीमधला. दोन्हीकडे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, आणि शेवटी तो जाणार कुठे तर आमच्या फॅमिली ग्रुपवर, तिथे व्हॉट्सअ‍ॅप त्याला पिळून धुवून वाळत घालतं आणि खाली मावशी लिहितात छान छान. पण म्हणून कोपरा बघायचा नाही असं थोडंच आहे?

व्ह्यूफाइंडर कॅननला आहे, सोनीला नाही. भरदुपारी जेजुरीला सोमवतीला गेलात तर मागच्या स्क्रीनवर तुम्हाला फक्त स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसेल, भंडारा दिसणार नाही, डोळा लावायला काचेची खिडकी असेल तर दिसेल. हा मुद्दा कॅननच्या खात्यात टाकला की लगेच विरुद्ध बाजूने लिहायचं की सोनीला हेडफोनचं भोक आहे, कॅननला नुसतं माइकचं. हिशोब परत शून्यावर आला. तसंच पॉप-अप फ्लॅश कॅननला आहे, सोनीला नाही, पण सोनीच्या वरच्या माइकवर बसवायला खोक्यात एक केसाळ गोळा येतो वाऱ्याचा आवाज अडवायला, तर तो गोळा फ्लॅशसमोर. सोनीचा फोरके व्हिडिओ ३० फ्रेमला कडेने कापला जातो १.२३ पट, कॅननचा पूर्ण रुंदीचा मिळतो. सोनीवर धावत्या लोकलच्या दारातून शूट केलं की विजेचे खांब दारू प्यायल्यासारखे तिरके होतात, याला रोलिंग शटर म्हणतात. पण सोनीला लेन्सा भरपूर, २०११ पासून त्यांनी आपल्या ई-माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या खाचेची, माहिती दुसऱ्या कंपन्यांना उघडी केलीय म्हणून सिग्मा, टॅमरॉन सगळे येऊन बसलेत, तर कॅननने आपल्या आरएफ माउंटचं दार या छोट्या सेन्सरसाठी सिग्मा-टॅमरॉनला किलकिलं केलं ते थेट २०२४ मध्ये. बघा, परत बरोबरी. ही बरोबरी टिकवणं हीच कला आहे. तराजू झुकायला लागला की पटकन दुसऱ्या पारड्यात एक फीचर टाकायचं.

आणि जे दोघांतही नाही त्याच्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. बॉडीच्या आत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन दोघांतही नाही, पावसापासनं किंवा धुळीपासनं सीलिंग नाही, फोरकेमध्ये ६० फ्रेम नाहीत. म्हणजे जेजुरीचा भंडारा ज्या फटीतून कॅननमध्ये शिरेल त्याच मापाच्या फटीतून सोनीत पण शिरेल, आणि मिररलेसला आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की या दोघांचाही सेन्सर सरळ उघडा, एक चिमूट हळद आणि झालं. पण दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे या गोष्टीला तुलनेत जागा नाही. तुलना म्हणजे फरक. बाकी मग भले तो कॅमेरा आपल्या कामाचा असो नसो.

लेन्सचं बजेट तर चुकूनही काढू नका. हे मी फार कळकळीने सांगतो. किट लेन्स संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली दमते, कॅननची तर झूम केली की एफ ६.३ ला जाते (हा आकडा मोठा म्हणजे आत उजेड कमी), मग आयएसओ वाढतो, मग फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे येतात, आणि त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत असलेला साधा आहे, ५० ची एफ १.८ वाली स्वस्तातली लेन्स. एका मित्राने मला त्याची ती लेन्स आणि कॅनन दोन दिवस वापरायला दिली होती. आमच्या हॉलमध्ये ५० म्हणजे कॅननवर ८० सारखी, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्या आईचा फोटो घ्यायला मी मागे सरकत सरकत उंबरा ओलांडून जिन्यात गेलो, तिथे शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन वर येत होत्या, त्या थांबल्या, म्हणाल्या बाहेरून काय काढतोयस रे, घरात ये की. पण तो एक फोटो आला मात्र. आईचा चष्मा, त्यात खिडकी, आणि मागचा टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल मऊ पांढरा ढग झालेला. बघून मला फार बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली की आता घ्यावाच लागतोय का काय, म्हणून मी तातडीने तीच लेन्स सोनीवर कशी दिसली असती याचा शोध सुरू केला. त्यात दिवाळी निघून गेली.

दरम्यान घरात कार्यं होत राहतात, त्यांची काळजी करू नका, प्रत्येकाला उत्तर आहे. बारसं बाराव्या दिवशी होतं, बारा दिवसांत कुणाचा कॅमेरा ठरतो का? जावळाला बाळ मामाच्याच मांडीवर लागतं, म्हणजे मी मामा असल्यामुळे फोटो काढूच शकत नव्हतो, यात कॅननचाही दोष नाही आणि सोनीचाही. पहिल्या वाढदिवसाला मुलं नुसती रडतात. बाळाचा पहिला दात, पहिलं पाऊल हे सगळं मेहुण्याच्या मोबाईलमध्ये आहे, उभं शूट केलेलं, आणि मध्ये त्याचंच बोट. मी त्याला सांगितलं अरे डायनॅमिक रेंज बघ, आकाश पार पांढरं झालंय. तो म्हणाला मग तू काढ ना. लोकांना टीका सहन होत नाही.

कॅमेरा यायच्या आधी बाकीची तयारी करून ठेवायला हरकत नाही, त्याने घरच्यांना धीर येतो. आमच्याकडे दमट हवा, पावसाळ्यात चपलेला पण बुरशी येते तर लेन्सला का नाही येणार, आमच्या काकांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात टॉर्च मारून बघा, काचेवर कोळिष्टकं पसरावीत तशी बुरशी पसरलीय. म्हणून मी एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला आणि बुटांच्या खोक्यांतून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात जमवल्या, अठ्ठावीस झाल्यात. डबा दर रविवारी उघडून बघतो. आत अजिबात दमटपणा नाही. कॅमेराही नाही. मध्यंतरी आईने त्यात चकल्या ठेवल्या होत्या, एक महिना कुरकुरीत राहिल्या.

तरीसुद्धा एक दिवस असा येतो की माणूस घसरतो. मी एका शनिवारी फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो आणि बोरा बाजारात गेलो. तिथे कॅमेऱ्यांची एवढी दुकानं खेटून आहेत की नुसतं चाललं तरी चार जण काय पाहिजे विचारतात. पहिल्या दुकानात मालकाने आवाज बारीक करून विचारलं, बिल पाहिजे का बिनबिलाचा देऊ. आता कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या जानेवारीपासून २८ चा १८ टक्के झालाय, तेवढे वाचतील हे खरं, पण मग वॉरंटी कार्डावर शिक्का कुणाचा, तर म्हणे आम्ही बसलोय ना. मी निघालो. पुढच्या दुकानातल्या काकांनी काही न बोलता दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले आणि म्हणाले धर. एका हातात कॅनन, एका हातात सोनी. दोन्हीकडे करंगळी खाली लोंबत होती, पण कॅननवर जरा कमी. सोनीचं बटण अंगठ्याला लगेच सापडलं, कॅननचा मेनू बघताक्षणी कळला, सोनीच्या मेनूत मी कार्ड पुसायचं फॉरमॅट शोधत बराच वेळ हरवलो होतो. पाचेक मिनिटं झाली असतील. काकांनी विचारलं, फोटो जास्त काढणार का व्हिडिओ? मी म्हटलं भाच्याचे फोटो. ते म्हणाले मग हा घे, आणि कॅनन पुढे सरकवला. बस्स. माझ्या एवढ्या महिन्यांच्या तपश्चर्येला तो माणूस एका प्रश्नात उत्तर देत होता, आणि वर चहा पिणार का विचारत होता.

असल्या वेळी शांत राहायचं. दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड मागायचं, येतो म्हणायचं आणि बाहेर पडायचं. गाडीत बसल्यावर मोबाईलवर एक्सेल उघडून मी त्यात 'करंगळी' नावाची नवी ओळ टाकली. ठाणं यायच्या आत मला आठवलं की जुलै २०२४ मध्ये सोनीने झेडव्ही-ई१० चा मार्क टू काढलाय, २६ मेगापिक्सेलचा, मोठी बॅटरी, पण त्यात मेकॅनिकल शटर, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणारा पडदाच काढून टाकलाय. म्हणजे आता रकाने तीन. अंगावर काटा आला, आनंदाने.

परवा बहिणीचा फोन होता. डोहाळजेवण आहे पुढच्या महिन्यात, दुसरं. म्हणाली दादा, या वेळी तरी फोटो तू काढशील ना. मी विचारलं तारीख काय दिलीय डॉक्टरांनी. म्हणाली अजून साडेतीन महिने. म्हटलं मग काय, आरामात होतंय.